भीमथडी घोड्यांचं वीर्य गोठवून ठेवायलाच हवं, पण कुणाकुणाचं?

नीराकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबेल, पण ज्यांच्या घरी घोडी आहेत त्यांनी नक्की बोला.

मी पशुवैद्य. भीमा-नीरेच्या पट्ट्यात खासगी प्रॅक्टिस आहे, म्हणजे दिवसभर गाई-म्हशी भरवणं (कृत्रिम रेतन), अडलेली वेतं, लसी हेच. मेंढपाळांचे वाडे (मेंढरं-बिऱ्हाडासकट फिरणारे तांडे) याच भागातून दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात, त्यामुळे त्यांची घोडीपण हाताखालून जातात. पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या, पालाच्या काठ्या, एखादं कालच जन्मलेलं कोकरू, एवढं घेऊन ते जनावर घाट उतरतं आणि रात्री मिळेल त्या गवतावर भागवतं. हीच आपली भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळाची तट्टं म्हणून आपण ज्यांचा अभिमान सांगतो ती आज पुणे, सोलापूर, सातारा, नगर एवढ्या भागात आणि बहुतेक करून धनगरांच्याच जिवावर टिकून आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं २०२३-२४ मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, खूप आनंद झाला. पण नोंदणीनं शिंगरं वाढत नाहीत. देशभरात घोडे आणि तट्टं मिळून २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार. सात वर्षांत ४५ टक्क्यांवर घट!

आता मुद्दा. हिस्सारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे (१९८५ पासून), त्यांचं बिकानेरला घोडे पैदाशीचं केंद्र आहे, तिथं देशी घोड्यांचं वीर्य गोठवायचं काम बरीच वर्षं चाललंय. २०२३ मध्ये मारवाडीची राज-प्रथमा ही शिंगी (मादी शिंगरू) भ्रूण प्रत्यारोपणातून झाली, २०२४ मध्ये राज-शीतल झाली, तिच्यात तर घोडी गोठवलेल्या वीर्यानं भरवली, साडेसात दिवसांचा गर्भ काढून तोही गोठवला, दोन महिन्यांनी दुसऱ्या घोडीत सोडला आणि वीस किलोची ठणठणीत शिंगी जन्माला आली. म्हणजे तंत्र आपल्या देशात आहे, कुठून आणायचं नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की भीमथडीचं वीर्य आत्ता, वेगवेगळ्या वाड्यांवरचे नर अजून जिवंत आहेत तोवर साठवायला घ्या. आणि साठवताना प्रदर्शनात पहिला आलेला एकच देखणा घोडा धरून बसू नका. गोठवलेलं वीर्य जात वाचवतं तसंच जात अरुंदही करतं. अमेरिकेतले एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) वळू बघा, कृत्रिम रेतनात वापरले जाणारे जवळपास सगळे वळू बापाच्या बाजूनं दोनच वळूंपर्यंत जाऊन पोचतात. हे तिथल्या पेन स्टेट विद्यापीठानं शोधलं आणि मग सरकारी साठ्यात पडून असलेल्या जुन्या, विसरलेल्या वळूंच्या कांड्या (गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळ्या) काढून त्या हरवलेल्या वंशरेषेची वासरं परत तयार केली. बिघडवलं त्याच तंत्रानं आणि सावरलं पण त्याच तंत्रानं, फक्त कुणीतरी तेव्हा 'बिनकामाच्या' वळूच्या कांड्या फेकून दिल्या नव्हत्या म्हणून.

---

रानजाई

छान धागा डॉक्टर. मला प्राण्यांतलं फार कळत नाही पण गावाकडे गाय भरवायला डॉक्टर बाइकवर कंटेनर घेऊन येतात ते लहानपणापासून बघितलंय. मग घोडीचं तसंच करायला काय अडचण आहे? उरुळीच्या बायफ संस्थेने गाईंच्या रेतनासाठी एवढं मोठं जाळं उभं केलं ना, त्यातच चार कांड्या घोड्याच्या ठेवल्या की झालं की.

---

नीराकाठचा

रानजाई ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे, कांड्या ज्यात ठेवतात तो द्रवरूप नायट्रोजन तालुक्यापर्यंत पोचतो हा आपला मोठा फायदाच आहे. पण गाईचं गणित घोडीला लागत नाही आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

गाईला पाव मिलीची एक कांडी, त्यात दोन कोटींच्या आसपास शुक्राणू, सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायची, विषय संपला. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटतं पार शेवटी. घोड्याचं ताजं वीर्य आत दोन दिवस तरी तग धरतं, गोठवलेलं वितळल्यावर जेमतेम अर्धा दिवस. म्हणजे बीज सुटायच्या आधी बारा तासांच्या आत किंवा सुटल्यावर सहा तासांत काम झालंच पाहिजे, नाहीतर कांड्या वाया. आणि कांडी एक नाही, अर्ध्या मिलीच्या चार ते आठ लागतात एका वेळेला, कारण वितळल्यावर सरळ पुढे पळणारे पंचवीस कोटींच्या आसपास शुक्राणू हातात हवेत.

गेल्या हंगामात एका मारवाडी घोडीचं केलं ते सांगतो. सोनोग्राफीत फॉलिकल (ज्या फोडातून बीज सुटतं तो) ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलं, गर्भाशयावर माजाची सूज संत्र्याच्या फोडींसारखी स्पष्ट दिसायला लागली, मग बीज सुटावं म्हणून एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन. तिथून साधारण ३६ तास धरायचे आणि शेवटच्या रात्री दर सहा तासांनी तपासायचं. घोडी खोड्यात, मालक टॉर्च धरून, पहाटे प्रोब फिरवला तर फॉलिकल फुटून बसलेलं. लगेच कांड्या ३७ डिग्रीच्या पाण्यात ३० सेकंद, काढून कोरड्या पुसायच्या (पाण्याचा थेंब मिसळला तरी शुक्राणू मरतात), टोकं कापायची आणि लांब लवचिक पाइपानं ज्या बाजूचं फॉलिकल फुटलं त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगात पार टोकाशी सोडायचं. मग पुढच्या काही तासांत गर्भाशयात पाणी साठतंय का ते परत बघायचं, कारण गोठवलेल्या वीर्याला घोडीचं गर्भाशय जास्त चिडतं, लागलं तर ते पाणी बाहेर पडायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. चौदा-पंधराव्या दिवशी परत सोनोग्राफी, एकच गर्भ आहे ना ते बघायला, घोडीला जुळी झेपत नाहीत. एवढं सगळं नीट करूनही चांगल्या हातात दर माजाला दहातल्या चार-पाच घोड्या राहतात, बाकीच्या उलटतात.

---

स्पष्ट बोलतो

डॉक्टर राग मानू नका पण तुम्हीच लिहिलेलं वाचून वाटतंय की एवढा खटाटोप करण्यापेक्षा चार चांगले नर घोडे गावोगाव ठेवले आणि नैसर्गिक पद्धतीने घोड्या दाखवल्या तर निम्म्या खर्चात दुप्पट शिंगरं होतील. आणि दुसरं म्हणजे घोडा आज वापरतंय कोण?? वाड्यावर पण आता छोटा हत्ती आलाय. जनावराला काम नसेल तर टाकीत वीर्य ठेवून जात वाचत नाही, टाकीत ठेवलेली जात ही कागदावरचीच जात.

---

वाड्यावरचा

मी धनगर, आमचे चुलते अजून मेंढरं घेऊन कोकणात जातात, मी पुण्यात नोकरीला आहे. स्पष्ट बोलतो यांचं निम्मं बरोबर आहे. टेम्पो आला हे खरं, पण टेम्पो घाटातल्या पायवाटेनं जात नाही आणि रानात मुक्काम करायचा तर डिझेल कोण देणार, म्हणून आमच्याकडं अजून घोड्याशिवाय पान हलत नाही. पण पुढची पोरं जायला तयार नाहीत हेही तितकंच खरं. वाडे कमी झाले की घोडी कमी होणारच.

डॉक्टर तुमच्या पद्धतीत मला एक मोठी अडचण दिसते ती म्हणजे आमची घोडी एका जागी नसतेच. आज इथं उद्या पाच-दहा किलोमीटर पुढं. दर सहा तासांनी तपासायला कोण तिला खोड्यात घालणार? आणि त्या दिवसात बिऱ्हाड कुणाच्या पाठीवर टाकायचं? आमच्याकडं घोडी कुणाला लागली हे बऱ्याचदा शिंगरू झाल्यावर रंग बघून ठरतं, वाड्यात नाहीतर शेजारच्या वाड्यात जो नर असेल तो. कुणी लिहून ठेवलेलं नसतं पण म्हाताऱ्या माणसांना आजी-पणजीपर्यंत तोंडपाठ असतं, ही घोडी त्या अमक्या काळ्या घोडीची, ती तमक्याच्या वाड्यावरनं हुंड्यात आलेली वगैरे. ते आधी कुणीतरी लिहून घ्या, वीर्य नंतर.

---

नीराकाठचा

दादा, लाख मोलाचं बोललात. वंशावळ लिहून घेणं आणि वीर्य घेणं एकाच फेरीत व्हायला पाहिजे, कांडीवर नुसता नंबर असून काय उपयोग, तो घोडा कुणाच्या वाड्यावरचा, आई कोण, हे पाहिजेच. आणि ते सांगणारी म्हातारी माणसं घोड्यांपेक्षाही लवकर कमी होतायत.

फिरतीच्या अडचणीवर मी बराच विचार केलाय. वाडे जूनच्या आसपास गावी परत येतात आणि पावसाळाभर गावाच्या आसपासच असतात ना? घोडी मोठ्या दिवसांत नीट माजावर येणारं जनावर आहे, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात हा तिचा चांगला काळ. म्हणजे बिऱ्हाड उतरवलेलं, घोडी मोकळी, गावात जागा आणि माज पण नियमित, हे सगळं जून-जुलैमध्ये जुळून येतं. आणि घोडी अकरा महिने गाभण राहते, जुलैत भरवली तर पुढच्या जूनला, म्हणजे परत गावी आल्यावरच विणार. कोकणाच्या वाटेवर विण्याची भानगड नाही. मेंढपाळांचं वर्ष आणि घोडीचं वर्ष इतकं जुळतंय तर आपण आपलं काम त्यात बसवायचं, त्यांना आपल्या सोयीनं फिरवायचं नाही.

@स्पष्ट बोलतो, राग कसला. रोजच्या पैदाशीसाठी नर ठेवणंच बरं, मी कुठं नाही म्हणतोय? पण नर घोडा मरतो, विकला जातो, खच्ची होतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग निघाला तर कायद्यानं मारावा लागतो आणि त्या भागातली घोड्यांची ने-आण बंद होते. कांडीला यातलं काही होत नाही. घोडा जागचा न हलवता सोलापूरचं रक्त साताऱ्यात नेता येतं, आणि नायट्रोजन वेळेवर भरत राहिलात तर उणे १९६ डिग्रीला ते पन्नास वर्षांनीपण तसंच राहील. फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचं, एका कंटेनरचा नायट्रोजन आटला तर दुसरीकडे शिल्लक पाहिजे.

---

टाप

मी पूर्वी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर काम करायचो, रेसच्या घोड्यांचं. बऱ्याच लोकांना वाटतं की पुण्यात एवढे स्टड फार्म आहेत, भारतीय स्टड बुकचं ऑफिसपण पुण्यातच आहे, तर घोड्याच्या कृत्रिम रेतनाचे एक्सपर्ट तिथं ढिगाने असतील. तसं नाहीये. थरोब्रेडमध्ये (रेसच्या घोड्यांची जात) जगभर कृत्रिम रेतनाला बंदी आहे, शिंगरू नैसर्गिक पद्धतीनं झालं नसेल तर नोंदच होत नाही आणि नोंद नाही तर रेस नाही. त्यामुळे तिथले डॉक्टर सोनोग्राफीत आणि बीज सुटायचा अंदाज बांधण्यात एकदम वाघ, पण वीर्य काढणं-गोठवणं हा त्यांचा रोजचा विषय नाही. ती सोनोग्राफीवाली मंडळी मात्र या कामात घ्या डॉक्टर, अर्धं काम तेच आहे.

वीर्य काढायला पण घोडा शिकवावा लागतो हो. माजावरची घोडी समोर उभी करायची आणि घोडा चढला की कृत्रिम योनी, आत ४५ डिग्रीच्या आसपासचं गरम पाणी, जरा थंड झालं की घोडा नाही म्हणतो. वाड्यावरचा घोडा ज्याला माणसाचा हात फक्त ओझं बांधताना लागतो, तो पहिल्या दिवशी देणार नाही. धीर पाहिजे.

---

अश्वप्रेमी खानदेश

आमच्याकडे मारवाडी आहेत, दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याला असतो. बाजारात काय चालतं ते सांगतो, उंची, रंग, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, भोवरे कुठं आहेत, यावर किंमत ठरते. तिथं भीमथडी उभी केली तर गिऱ्हाईक बघून पुढं जातं कारण उंचीला कमी. मग मालक काय करतो, भीमथडी घोडीला मारवाडी किंवा काठियावाडी नर देतो, शिंगरू उंच होतं, चार पैसे जास्त येतात. यात त्याची चूक नाही, त्याला पोट आहे. पण तिथं जात संपते. तुम्ही गोठवलेलं वीर्य आणलं आणि त्याच कंटेनरमध्ये मारवाडीच्या कांड्या पण मिळायला लागल्या तर गावोगावी लोक मारवाडीच मागतील, गाईत जर्सी-एचएफनं खिलारीचं काय केलं ते डोळ्यासमोर आहे. याचा विचार करा आधी.

अजून एक, नर घोड्याच्या मालकाला काय मिळणार? आमच्याकडे घोडी दाखवायला आणली की मालक पैसे घेतो, ते त्याचं उत्पन्न आहे. एकदा कांड्या भरून नेल्या की त्याच्या घोड्याला कोण विचारतो. त्याला प्रत्येक शिंगरामागं काहीतरी मिळालं पाहिजे आणि कागदावर लिहून मिळालं पाहिजे.

---

रानजाई

खानदेश यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. मालकाचा हक्क लेखी हवाच.

---

लीड्सकर

इथे यॉर्कशायरमध्ये क्लीव्हलंड बे नावाचा जुना बग्गीचा घोडा आहे, त्याची गोष्ट या धाग्याला जुळते म्हणून लिहितो. १९६२ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये त्याचे शुद्ध जातीचे नर फक्त चार उरले होते. मलग्रेव्ह सुप्रीम नावाचा एक नर अमेरिकेला विकला जाणार होता तो राणी एलिझाबेथने विकत घेतला आणि लोकांच्या घोड्यांसाठी खुला केला, त्यातून जात सावरली. पण ज्या नरांची रेषा तोपर्यंत तुटली ती तुटलीच, ती कुणालाच परत आणता येत नाही कारण कुणाकडेच काही साठवलेलं नव्हतं. आता इथली रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट ही संस्था दुर्मिळ जातींची जीन बँक चालवते, २००१ च्या लाळखुरकुताच्या साथीत लाखो जनावरं मारावी लागली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. सफोक पंच हा नांगराचा घोडा तर त्याहून दुर्मिळ, त्याच्यात लिंगनिर्धारित वीर्य वापरून मुद्दाम शिंगी जन्माला घातली, कारण जात वाढवायची तर माद्या जास्त लागतात.

आणि मंगोलियाच्या प्रझेवाल्स्की घोड्याचं तर माहीतच असेल, १९८० मध्ये सॅन डिएगोला एका नराच्या पेशी गोठवल्या होत्या, त्यातून २०२० मध्ये क्लोन शिंगरू झालं, कर्ट. आज जगातले हे सगळे घोडे डझनभर पूर्वजांपासून आलेत म्हणून त्या एका विसरलेल्या नराला एवढी किंमत. त्या पेशी ठेवल्या तेव्हा घोड्याचं क्लोनिंग कुणी केलंही नव्हतं.

---

स्पष्ट बोलतो

लीड्सकर, हे पटलं. तुटलेली रेषा परत येत नाही हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी वापराचा प्रश्न उभाच आहे आणि पैसा कुठून येणार हाही.

---

नीराकाठचा

पैशाचं सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केला, त्यात घोडे, गाढवं, खेचरं, उंट आले. वैयक्तिक, बचत गट, शेतकरी कंपनी यांना भांडवलाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख अनुदान. आणि घोडा, गाढव, उंट यांचं वीर्य केंद्र आणि मूळ पैदास केंद्र उभारायला केंद्राकडून १० कोटींची तरतूद. राज्यानं प्रस्ताव दिला पाहिजे, आणि प्रस्ताव मेंढपाळांना बसवून केला पाहिजे, हेच मी जिथं जातो तिथं बोलतोय.

वापराचं म्हणाल तर माथेरानला गाड्या चालत नाहीत, महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना घोडा लागतो, शहरांत लहान मुलांच्या रायडिंग शाळा वाढतायत आणि तिथं उंच तापट घोडा नकोच असतो. भीमथडी शांत, बुटकी, कमी खाणारी, खुरांना पक्की. मणिपुरी तट्टूचं बघा, पोलो तिथून जगभर गेला तरी २०१२ च्या गणनेत हजार-अकराशेच उरली होती, म्हणजे नुसता इतिहास असून भागत नाही हे मला मान्य आहे. पण काम शोधायला दहा वर्षं लागली तर तोवर रक्त शिल्लक पाहिजे की नको?

खानदेशच्या दादांचा कंटेनरचा मुद्दा मी लिहून ठेवलाय. भीमथडीच्या भागात भीमथडीच्याच कांड्या, आणि एका नराच्या कांड्या ठरावीक संख्येपलीकडे द्यायच्याच नाहीत, मग तो कितीही देखणा असो. आणि हेही सांगून ठेवतो की सगळ्यांचं वीर्य नीट गोठत नाही, काही घोड्यांचं ताजं झकास असतं पण वितळल्यावर तीस टक्केसुद्धा हलत नाहीत. नेहमीच्या धंद्यात असा घोडा बाद करतात. इथं तो वेगळ्या रेषेचा असेल तर तसं करायचं नाही, जास्त कांड्या ठेवायच्या, कमी प्रतीच्या म्हणून वेगळ्या नोंदवायच्या.

---

वाड्यावरचा

डॉक्टर एक विचारायचं होतं. आमच्याकडं तापट नर चार-पाच वर्षांचा झाला की खच्ची करून घेतात, वाटेवर घोड्यांमागं लागून ओझं पाडतो म्हणून. आणि गेल्या साली आमच्या पाहुण्यांचा एक जुना नर हायवेला ट्रकखाली गेला, फार नावाजलेला होता, त्याच्यासारखा अख्ख्या तालुक्यात नव्हता. अशा घोड्याचं काही करता येतं का की गेला तो गेलाच?

---

नीराकाठचा

येतं. आणि हे खरं म्हणजे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं असं काम आहे कारण याला घोडा शिकवावा लागत नाही. तयार शुक्राणू अंडाला चिकटलेल्या नळीत, एपिडिडिमिसमध्ये, साठलेले असतात. घोडा खच्ची केला किंवा अपघातात मेला तर ते तिथून काढून गोठवता येतात, त्यावर शिंगरं झालेली आहेत.

खच्ची करायचं ठरलं की पशुवैद्याला आधी सांगा, लॅबशी बोलून दिवस ठरवायचा. दोन्ही अंडं नळीसकट पूर्ण काढायची, नळी वरच्या बाजूला दोऱ्यानं बांधून. नळाच्या पाण्यानं धुवायची नाहीत, सलाईननं पुसायची, स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत घालून थर्माकोलच्या डब्यात, पण बर्फाला थेट चिकटवायची नाहीत, मध्ये कापडाची घडी ठेवायची, पाच डिग्रीच्या आसपास हवंय, गोठायला नकोय. चोवीस तासांच्या आत लॅबला पोचली पाहिजेत. अपघातात मेला असेल तर मेल्यावर जितक्या लवकर काढाल तितकं बरं, उन्हात पडून राहिला की संपलं. सोबत रक्ताची एक बाटली पाठवा, ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमियाची (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) तपासणी झाल्याशिवाय कांड्या वापरात येत नाहीत. आणि एका कागदावर घोड्याची आई कोण, बाप माहीत असेल तर तो, कुणाचा वाडा, मालकाचं नाव आणि सही किंवा अंगठा.

तुमच्या चुलत्यांकडं पुढचा नर खच्ची करायचा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः येतो.